किल्ली बंडीच्या खिशात

ती. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव, म्हणजे मला एका वेळी एकच काळजी करता येईल. मी बरा आहे. (बरा म्हणजे झोप नाही, पण त्याचं आता कुणाला काही वाटत नाही.)

तुझ्या भावजयीची लघवीची जळजळ पुन्हा उलटली. गोळ्या घेतल्या की थांबते, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मी उभा जन्म पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवले, त्यामुळे घाण येते ती बाहेरूनच, अशी माझी पक्की समजूत. (शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला एकच गोष्ट नीट कळते आणि तीच तो सगळीकडे लावतो.) म्हणून मी संडास हाती घेतला. सकाळ-संध्याकाळ ब्लीचिंग पावडर, वर फिनेल, मग फरशी वाळेपर्यंत दाराला कुलूप. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. फरशी वाळेपर्यंत मी वाचनालयात पेपर चाळायला जातो आणि तिथे पंख्याखाली माझा डोळा लागतो, हे तुला ठाऊकच आहे. हिने कधी तक्रार केली नाही. पाणी पिणंच कमी केलं, म्हणजे किल्ली मागायला नको. मला वाटलं, गुण येतोय.

परवा हिला हुडहुडी भरून ताप चढला, पाठीत कळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत. मी विचारलं, फिनेल कोणतं आणू? त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला बसायला सांगितलं. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, तिथे कुणाला त्रास देत नाहीत. बाईमाणसाची लघवीची वाट आखूड, म्हणून ते पटकन वर पोचतात, मूत्राशयाच्या भिंतीला बारीक तंतूंनी चिकटतात, आणि काही तर भिंतीच्या आत शिरून निजतात. गोळीने वरचे मरतात, निजलेले पुढे कधीतरी उठतात. (जुन्या पाइपातलं शेवाळ मी पाहिलंय अक्का. कितीही पाणी सोडा, भिंत सोडत नाही.) म्हणून पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही, म्हणजे चिकटायच्या आत पुष्कळसे वाहून जातात.

"तुम्ही तुंबवता का हो, आजी?" त्यांनी विचारलं.

ही माझ्या खिशाकडे बघत म्हणाली, "किल्ली ह्यांच्याकडे असते."

सगळ्या वस्तीला वेळेवर पाणी सोडणारा मी, तिथे फरशी बघत बसलो.

पुन्हा चढलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाल्या. अक्का, ही घरात नसली तर साखरेचा डबा कोणता हेही मला कळत नाही. हे मी हसण्यासाठी लिहीत नाही. आता ताप उतरलाय. कुलूप भंगारवाल्याला देऊन टाकलं.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्र खरं तर यासाठी, की तू महिनाभर येऊन राहा. बरं वाटलं की ही गोळ्या सोडते, आणि मी दिलेलं पाणी तर पीतच नाही. तुझा धाक आहे.

ता.क. वन्सं, हे अक्षर माझं. पाकीट मीच चिकटवते आहे. तुम्ही येऊ नका, ह्यांनाच तिकडे बोलावून घ्या. कुलूप गेलं, पण आता हे दाराबाहेर उभं राहून "झाली का? पूर्ण झाली का?" विचारतात. होत असलेलीही थांबते. गोळ्या मी संपवीन, शब्द देते. ह्यांना आठवडाभरच ठेवा, जास्त नको. रात्री माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवतात. सकाळपर्यंत तो मी पिऊन रिकामा करते, आणि ह्यांना सांगते की तुळशीच्या कुंडीत ओतला. तेवढं त्यांना कळू देऊ नका.