आत्याची गाठ

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा क्रोशाचे विणकाम, माझ्या मागे कोणाला काय मिळावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मला झोप कमी लागते, छातीत धडधडते, गॅस बंद केला की नाही हे मी तीनदा उठून पाहतो, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. दोन प्रती जोडल्या आहेत, एक हरवली तर असावी म्हणून. हे लिहिण्यासाठी कोणी मला धाक घातलेला नाही. धाक माझ्यात उपजतच आहे.

कलम १. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मुलाला. जिन्यापाशी भिंतीला ओल आहे. मी बोलून थकलो, कोणी मनावर घेतले नाही. आता ती त्याची कटकट.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते सूनबाईला. माझे पथ्यपाणी तिने केले. तोंड वाजवले, पण केले.

कलम ३. माझ्या क्रोशाच्या सुया, डब्यासकट, नातीला. एकूण अकरा. बारावी समोरच्या शिंप्याकडे आहे. कसलेसे भोक मोकळे करायला म्हणून नेली आणि वाकवली. तो कबूल करत नाही. साक्षीला त्यालाच बोलवावे लागते आहे, काय करणार.

नात मोबाईलवर बघून विणते. जाड लोकर, जाड सुई, सकाळी बसली की संध्याकाळी ससा तयार. मी तिला म्हणालो, आमच्या वेळी बारीक दोऱ्याचा एक टेबलक्लॉथ तीन महिने चाले, साखळीचे आणि खांबाचे टाके मोजता मोजता डोळे जात. ती म्हणाली, “मग आजोबा, तुम्ही ससाच का नाही विणलात?”

दुकानात हल्ली क्रोशासारखी दिसणारी मशीनची जाळी मिळते. सूनबाईने तिचे पडदे आणले तेव्हा मी कोपऱ्यातला दोरा ओढून पाहिला आणि बोलणी खाल्ली. ती जाळी फाटते, उसवत नाही. हाताचे काम उसवते. आमच्यात शेवटी एकच टाका उघडा राहतो. त्यातून दोरा ओढून गाठ पक्की केली नाही, तर एका हिसक्यात कामाचा पुन्हा दोरा होतो. हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायचे असते. मी नातीला अजून सांगितलेले नाही. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. मागची खोली, तिच्या खिडकीसह, माझ्या थोरल्या बहिणीला, ती आहे तोवर. तिला तिथून कोणी हलवू नये. मुलगा मला म्हणाला, “आत्याला आपण काय देणं लागतो? इतकी वर्षं सांभाळलं की.” म्हणून लिहितो.

विणायला मला ताईने शिकवले. नवरा वारल्यावर ती परत आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत कपडे थोडे आणि सुयादोरेच जास्त होते. मी दोऱ्याच्या दुकानात नोकरीला होतो. पुरुषाने विणलेले म्हटले की गिऱ्हाईक हसे, म्हणून आम्हा दोघांचे काम तिच्या एकटीच्या नावावर दुकानात जाई. एका लग्नासाठी मोठा टेबलक्लॉथ होता. तो तिने विणला, शेवटची किनार मी केली. गाठ मारायची राहिली. घाई होती, असे मी स्वतःला सांगत आलो. घाई नव्हती. माझे लक्ष नव्हते. जेवणाच्या वेळी कोणाच्या तरी घड्याळात दोरा अडकला आणि पाहुण्यांदेखत किनार उसवत गेली.

दुकानदाराने ते भेंडोळे ताईच्या अंगावर टाकले. “बाई, गाठ मारायची अक्कल नाही तर सुई कशाला धरता?” ताईने माझ्याकडे पाहिले. मी फळीवर रिळे लावत होतो. लावत राहिलो. बोललो असतो तर नोकरी गेली असती.

तिचे काम बंद झाले. पुढे वीस वर्षे तिने लोकांची भांडी घासली. माझे काम माझ्या बायकोच्या नावाने जाऊ लागले, जिने जन्मात सुई धरली नाही. दुकानदार आता नाही. त्या जागी मोबाईलची कव्हरे विकतात.

आणि त्याच आठवड्यात मुलाच्या बुटाची नाडी सुटली, तेव्हा मी म्हणालो, “ही बघा आत्याची गाठ.” सगळे हसले. मला बरे वाटले. तेव्हापासून या घरात बटण तुटो, पिशवीचा बंद निसटो, नळ गळो, ती आत्याची गाठ. ताईसमोरसुद्धा. नातीला तर तो साधा शब्दच वाटतो, ती शाळेतही वापरते.

ती गाठ माझी होती. हा शब्द या घरात पुन्हा कोणी काढू नये.

कलम ५. हे आज सर्वांसमोर, सहीच्या आधी लिहीत आहे. मसुदा पाहून वकील म्हणाले, “काका, बहीण तुमच्याहून मोठी ना? त्या आधी गेल्या तर कलम चार वाया.” मी म्हटले, हे माझ्या लक्षात आले नव्हते. ते खोटे होते. मी मेल्यावर वाचतील, या भरवशावरच माझा हात चालला.

म्हणून आज सर्वांना बोलावून कलम चार मोठ्याने वाचले. वकील म्हणाले, साक्षीदारांनी सही पाहिली की पुरे, मजकूर ऐकायची गरज नाही. मी म्हटले, आहे. मुलगा फरशीकडे बघत राहिला. नात म्हणाली, “म्हणजे मी आत्याआजीला रोज...”

ताईला कमी ऐकू येते. ती म्हणाली, “पुन्हा वाच.” मी जोरात वाचले. ती म्हणाली, “पुन्हा.” तिसऱ्यांदा वाचायला लावले तेव्हा मला समजले की तिला पहिल्या वेळीच सगळे ऐकू आले होते. मी वाचले. मग ती म्हणाली, “कर आता सही.”

ठिकाण: राहत्या घरातली मधली खोली
तारीख: एकोणीस, सकाळी अकरा

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, ज्यांनी सही पाहिली व कलम चार तिन्ही वेळा ऐकले:
१. समोरचा शिंपी (सही)
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर (सही)