चाकांची मूठ आणि फ्लॅपची मूठ

प्रति,
मा. विमानसुरक्षा अधिकारी,
परवाना व चौकशी विभाग,
लहान विमानांची शाखा.

विषय : धाकट्या भावाच्या परवान्यावरील 'निष्काळजी' हा शेरा काढून टाकणे व क्लबच्या विमानांतील दोन सारख्या मुठी वेगळ्या आकाराच्या करण्यास परवानगी मिळणे याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे पूर्वीचे अर्ज आणि आपल्या कार्यालयाकडून आलेली, एकमेकांशी न जुळणारी उत्तरे.

महोदय,

मी खाली सही करणारी, फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकवते. ज्याच्या परवान्याबद्दल हा अर्ज आहे तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. आपण स्वतः आमच्या क्लबचे सभासद आहात, रविवारी उडता, त्यामुळे पुढचे बरेचसे आपल्याला तोंडपाठ असेल. तरीही अर्जात सर्व काही लिहावे लागते, म्हणून लिहिते.

क्लबकडे दोन लहान विमाने आहेत. दोन्हींमध्ये वैमानिकासमोर दोन काळ्या गोल मुठी शेजारी शेजारी आहेत. एक चाके वर घेण्याची, दुसरी फ्लॅपची, म्हणजे उतरताना पंखांमागच्या झडपा खाली-वर करण्याची. जुन्या विमानात फ्लॅपची मूठ उजवीकडे आहे. नव्या विमानात नेमकी त्याच जागी चाकांची आहे. असे का, हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक. उतरल्यावर विमान धावपट्टीवर पळत असतानाच फ्लॅप वर घ्यायचे, ही आमच्या क्लबची जुनी शिस्त. त्या वेळी नजर बाहेर असते आणि हात एकटाच काम करतो. जमिनीवर चाके मिटू नयेत म्हणून एक खटका असतो खरा, पण विमान वेगात असताना चाकांवर पुरते वजन आलेले नसते आणि तो खटका धरत नाही.

भाऊ पहिल्यापासून जुने विमान चालवत आला. त्या दिवशी जुने दुरुस्तीला होते म्हणून तो नवे घेऊन एकटा गेला. उतरला अगदी अलगद. मग त्याने फ्लॅपसाठी हात पुढे केला आणि विमान पोटावर बसले. त्याला साधे खरचटलेही नाही. आपल्या विभागाने चौकशी करून एक शब्द लिहिला, 'निष्काळजी', आणि परवाना स्थगित केला; त्यावरची सुनावणी आता आपल्यापुढे व्हायची आहे. आजारी माणसांना ने-आण करणाऱ्या विमानावर त्याची निवड झाली होती. तिथल्या लोकांनी सांगितले आहे की हा शेरा निघाला तर जागा त्याची, नाहीतर दुसऱ्याची. वाट बघून तेही आता कंटाळले आहेत.

घरची हकीकत अर्जात लिहू नये हे मला कळते. पण तो जेवायला बसला की मिठाची आणि साखरेची बरणी शेजारी ठेवतो, डोळे मिटतो आणि हात पुढे करतो. आई बरण्या उचलून आत नेते. मी एकदा रागाने विचारले, तुझा हात चुकलाच कसा? त्यावर तो म्हणाला, "ताई, हात चुकला नाही गं. तो रोज जिथे जातो तिथेच गेला." त्या दिवसापासून मी आपल्याला अर्ज करते आहे.

पहिल्या अर्जाला उत्तर आले की मुठींखालची अक्षरे मोठी करून घ्यावीत. धावपट्टी अंगावर येत असताना वाचन कोण करतो, असे मी नम्रपणे विचारले. त्यावर उत्तर आले की ही माझी एकटीची तक्रार दिसते, तरी इतर वैमानिकांची मते लेखी सादर करावीत.

मी मते गोळा करायला निघाले. क्लबात चहाच्या टेबलावर सगळ्यांचे एकमत होते. दातांचे डॉक्टर म्हणाले, लक्ष जागेवर असेल तर मूठ कसली का असेना. फर्निचरवाले म्हणाले, हल्लीच्या मुलांना सगळे आयते हवे. मान सगळ्यांनी डोलावली. मग एकेक जण मला गाडीपाशी गाठू लागला. डॉक्टरांनी इकडेतिकडे बघत सांगितले की त्यांचाही हात एकदा गेला होता, दैव बलवत्तर म्हणून मूठ ओढली नाही. सही मात्र मागू नका, बायकोला कळले तर विमानात पाऊल ठेवू देणार नाही. फर्निचरवाल्यांचेही तेच, फक्त त्यांना भीती जावयाची. आणि आमचे सर्वांत जुने कॅप्टनकाका, ज्यांच्या शिस्तीचे दाखले मी शिकाऊंना देते, ते उडण्यापूर्वी चाकांच्या मुठीला रबरबँड गुंडाळतात आणि उतरल्यावर कोणी बघायच्या आत काढून खिशात टाकतात. मी सहीचे नाव काढताच ते म्हणाले, "पोरी, या वयात माझी अब्रू का घालवतेस?" मला त्यांचा फार राग आला आणि तितकीच कीवही आली.

हे सारे नावे न देता मी आपल्याला कळवले. उत्तर आले की ज्यांच्या हातून अशी चूक झालेली नाही त्यांना अनुभव नसल्याने त्यांचे मत उपयोगाचे नाही, आणि ज्यांच्या हातून झाली आहे ते निष्काळजी ठरत असल्याने त्यांचे मत विचारात घेता येत नाही. महोदय, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. आता मी मत आणू कोणाचे?

विचार करता, ज्याच्याकडे सही मागता येईल असा एकच माणूस उरतो. त्याचा हात गेला, पण चूक झाली नाही. अनुभवही आहे आणि परवानाही स्वच्छ आहे. दुरुस्त होऊन आलेल्या नव्या विमानाची सवय व्हावी म्हणून गेल्या रविवारी आपण मला शेजारी बसवून घेतले होते. आपण छान उतरलात. मग समोर बघत फ्लॅपसाठी हात पुढे केलात, बोटे चाकांच्या मुठीवर मिटली आणि मी आपले मनगट धरले. आपण खाली पाहिलेत. हात मागे घेतलात आणि विमान थांबवलेत. उतरताना फक्त म्हणालात, "आभारी आहे, बाई."

हे मी कोणालाही सांगितलेले नाही आणि अर्ज फेटाळला गेला तरी सांगणार नाही. ही धमकी समजू नये. आपण निष्काळजी आहात असे मला त्या क्षणीही वाटले नाही, आजही वाटत नाही. माझी विनंती एवढीच की आपले मत आपण लेखी द्यावे. पुढच्या रविवारीही मी शेजारी असेन आणि माझा हात आपल्या हाताजवळ असेल. भावाच्या वेळी ती खुर्ची रिकामी होती. त्याच्यात आणि आपल्यात एवढाच काय तो फरक आहे.

आपली नम्र,
रविवारी आपल्या उजव्या हाताला बसणारी,
(सही)
दिनांक : सुनावणीच्या आदल्या सोमवारी

सोबत : लाकडी मुठी दोन, भावाने घरी कोरलेल्या. एक चाकासारखी, एक झडपेसारखी चपटी. कोणती कशाची हे त्यांवर लिहिलेले नाही. कृपया डोळे मिटून हातात घ्याव्यात.