पाचव्या गाण्यातला श्वास

६ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. माझ्या आल्बमच्या परीक्षणांची कात्रणं वहीत चिकटवत होतो. तिसरं तसंच ठेवून हे लिहायला बसलो.

प्रिय ताई,

मी बरा आहे. तिकडची खुशाली विचारत नाही, कारण तू ‘मजेत’ म्हणशील आणि मला ते खरं वाटणार नाही. भावोजींना नमस्कार. चिमणीने काढलेला हत्ती मी स्पीकरवर लावलाय. गाण्यांचं शेवटचं मिक्सिंग करणारे काका त्याला डुक्कर म्हणाले, तेव्हा मी भांडलो, असं तिला सांग.

आल्बमबद्दल तीन ठिकाणी छापून आलं. पहिल्याने झोडपलं आहे. ‘सहा गाणी, चार पाहुणे गायक, आणि यजमानाचाच पत्ता नाही,’ असं लिहिलंय. त्याला कुणीतरी पढवलं असावं. शिवाय लेखात ‘दीर्घ’ हा शब्द चुकलाय. मी नववीत शाळा सोडली, पण तो शब्द तू माझ्याकडून पाटीभर लिहून घेतला होतास, तो अजून चुकत नाही. दुसऱ्याने कौतुक केलंय, पण कंपनीने कव्हरच्या मागे छापलेली वाक्यंच उलटसुलट करून. त्याने आल्बम ऐकलाच नसणार. पैजेवर सांगतो.

तिसरं परीक्षण एका बाईंचं आहे. त्या पूर्वी रेडिओवर नाचाची गाणी लावायच्या. त्यांचे शब्द उतरवून देतो: ‘बाकीचे पाहुणे काचेच्या पेटीत बसून गातात. पाचव्या गाण्यात मात्र गायिका प्रत्येक ओळीआधी श्वास घेते, आणि त्या श्वासाला एक बारीक शीळ आहे. ठेका चालू असताना ती शीळ ऐकायला मी नाचायची थांबले.’

पाचवं गाणं तुझं.

आता नीट वाच. मी आल्बमभर कुणाचाच श्वास ठेवलेला नव्हता. आमच्या कामाची रीतच तशी आहे. गायक गाऊन गेला की कॉम्प्युटरवर प्रत्येक ओळीआधीचा श्वास मी हाताने कापतो, म्हणजे आवाज ठेक्याबरोबर टपकन येतो. हॉटेलात गाणाऱ्या बाईंचे कापले, जाहिरातींना आवाज देणाऱ्या दादांचे कापले. तुझे तर दोनदा तपासून कापले होते. मग परीक्षणवाल्या बाईंना ऐकू आला कुठून?

दुकानातून विकत आणलेली प्रत ऐकली. श्वास होता. तसाच काकांकडे गेलो.

“काका, पाचव्या गाण्याला हात कुणी लावला?”

“आधी चपला बाहेर काढ.”

“मी श्वास काढले होते.”

“मी परत घातले. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतंच. अरे, तुझी सगळी माणसं गळा आवळल्यासारखी गात होती. म्हटलं, एक तरी जितंजागतं जाऊ दे.”

“मला न विचारता?”

“तू काय हो म्हणाला असतास? आणि नाव कुणाचं झालं? माझं?” मग ते चष्मा पुसत म्हणाले, “मला एक सांग. कापलेला एकेक तुकडा तू नाव घालून जपून ठेवतोस. मग तिचेच तेवढे पुसून का टाकलेस?”

मी चपला घालून निघून आलो. त्यांना नाही दिलं ते उत्तर तुला देतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तू गाद्यांच्या कारखान्यातून थेट आलीस. केसांत कापूस होता. “धुळीने घसा धरलाय रे, चहा पाज,” म्हणालीस. मी चहा पाजला आणि विषय संपवला. पण नंतर हेडफोन लावून तुझा नुसता श्वास ऐकायची वेळ माझ्यावर आली. पहिल्या कडव्यात शीळ आखूड आहे. शेवटच्या कडव्यात ती लांबत जाते आणि अखेरचा शब्द तू पुरा करू शकत नाहीस. ठेक्यासाठी कापतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं. मला ती शीळ ऐकायची नव्हती. तुझ्या शेजारच्या मशीनवरची मैत्रीण गेल्या वर्षी खोकून खोकून घरी बसली, तिची छाती अशीच वाजायची हे तूच मला सांगितलं होतंस.

आता तू फोन करत नाहीस, दोन शब्दांचे मेसेज पाठवतेस. मी फोन केला की भावोजी म्हणतात, “ती कपडे वाळत घालतेय.” ताई, एवढे कपडे तुमच्या घरात आले कुठून? भावोजी चांगले आहेत, पण त्यांना खोटं बोलता येत नाही. आधी खाकरतात.

काल कंपनीच्या साहेबांचा फोन आला. परीक्षण वाचून ते हरखलेत. पाचव्या गाण्याची नवी आवृत्ती हवी आहे, त्यात तुझी शीळच पुन्हा पुन्हा वाजवून तिचाच ठेका करायचा. “ताईंना परत बोलवा, या वेळी शीळ जरा लांब घेऊ,” म्हणाले. हे केलं तर दुसरा आल्बम नक्की. नाही केलं तर मी पुन्हा लोकांचे मोबाइल दुरुस्त करायला बसणार, हे त्यांनी हसत हसत सुचवलं.

तुझ्या दुखण्याचं कौतुक पेपरात आलंय, आणि आता त्यावर लोकांना नाचवायचं आहे. मीच वाजवायचं आहे.

मी नाही म्हणून कळवलं. ते “विचार करा” म्हणाले. विचार झालेला आहे.

रविवारी, १५ तारखेला, पहिल्या गाडीने येतोय. सोमवारी कारखान्याला खाडा कर. छातीच्या डॉक्टरांकडे अकराची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. साधं धुळीचंच निघालं तर चारचौघांत माझी टिंगल कर, मी खाली मान घालून ऐकेन. पण छातीचा फोटो काढल्याशिवाय, आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय, मी परतीच्या गाडीत बसणार नाही.

भावोजींना खाकरू नका म्हणावं.

तुझ्या शब्दावर अजिबात विश्वास नसलेला,
तुझाच,
धाकटा