सोनबाचं यकृत: माझं स्वतंत्र निदान

२ फेब्रुवारी १९७८, गुरुवार. कंपन्यांची सुट्टी.

शेजारच्या सोनबाने काल पुन्हा मार खाल्ला. लेथवरचा जॉब केसभर बारीक निघाला म्हणून फोरमन पाटसकरने कानाखाली वाजवली. सोनबाने उलट विचारलं, "तुमच्या हाताला लागलं का साहेब?" असा हा टर्नर. बसचा कंडक्टर याला रोज पायरीवरून ढकलतो. तळेगावचा पहिलवान मेहुणा ज्योतीराम भर पंगतीत टपल्या मारतो. हा हसतो.

पण मला मार दिसत नाही, डोळे दिसतात. डोळे पिवळे. भूक नाही. यकृत!

आमच्या प्रयोगशाळेत डॉ. ताहेरा मॅडम यकृताच्या कर्करोगावरच संशोधन करतात. म्हणजे सही त्या करतात. जेली मी ओततो, भोकं मी पाडतो, काचा मी धुतो. शिक्षण सातवी, पुढचं स्वकष्टाने. रद्दीतून मेडिकल डिक्शनरी मिळवली. 'एल'च्या पुढची पानं भेळवाल्याकडे गेलेली. लिव्हर शेवटून तिसऱ्या पानावर. विज्ञान थोडक्यात बचावलं.

संकल्प: सोनबाची तपासणी मी एकट्याने करणार. मॅडमना एकदम निकाल दाखवायचा.

६ फेब्रुवारी.

रक्त घेतलं. सुई पाहून सोनबा बेशुद्ध. उठवला नाही. आडव्या माणसाची शीर चांगली सापडते.

पद्धत लिहून ठेवतो, संशोधनाच्या पेपरला लागेल. पोटातल्या बाळाचं यकृत एक प्रथिन बनवतं. जन्मानंतर ते बंद होतं. मोठ्या माणसाच्या रक्तात ते पुन्हा दिसलं तर बहुधा यकृताचा कर्करोग. काचेच्या डिशमध्ये जेली, जेलीत तीन भोकं. मधल्यात ते प्रथिन ओळखणारं औषध. डावीकडे नवजात बाळाच्या नाळेचं रक्त, त्यात प्रथिन हमखास असतं. उजवीकडे सोनबा. ज्या बाजूला पांढरी रेघ उमटेल तिथे प्रथिन. भोकांमधलं अंतर मी व्हर्नियर मोजपट्टीने मोजलं. मॅडम अंदाजाने पाडतात. मी काही बोलत नाही.

८ फेब्रुवारी.

रेघ आली! उजवीकडे!

मॅडम डिश वरून बघतात. वरून झाकणाची वाफ फसवते. मी पुस्तकाचं पान उलटावं तशी डिश पालथी करतो आणि तळातून बघतो. ही पद्धत संपूर्ण माझी.

नाळेच्या बाजूला मात्र काहीच नाही. म्हणजे नाळेचं रक्त शिळं. प्रसूतिगृहाचा हलगर्जीपणा. कडक शब्दांत कळवावं लागेल.

मॅडमचे रुग्ण मी बघतो. रेघवाला बहुतेक तीन महिन्यांत जातो. म्हणजे सोनबा मे महिन्यात. डिश धुऊन जागेवर ठेवली.

९ फेब्रुवारी.

सांगून टाकलं. वैज्ञानिकाने गोड बोलू नये. त्याची बायको रंभा भिंतीला डोकं आपटून रडली. सोनबाने स्वतःच्या चपला पायाने सरळ केल्या. मग म्हणाला, "म्हंजी जूनपासनं कामावर जायाचं न्हाई?"

नाही, म्हटलं.

"फोरमनबी न्हाई?"

नाही.

चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज आलं. काविळीचं असावं.

११ फेब्रुवारी.

सोनबाने फोरमनचं डोकं लेथखालच्या कूलंटच्या टाकीत बुडवलं. बाहेर काढून विचारलं, "आता साईज बरोबर हाय का साहेब?" उत्तराची वाट न बघता पुन्हा बुडवलं. चौघांनी मिळून सोडवला. फोरमन पांढरं तेलपाणी ओकत होता.

नोकरी जाणारच होती. मी स्वतः गेटवर गेलो. पाटसकरला बाजूला घेऊन निदान सांगितलं. मरणाऱ्या माणसावर हात कशाला उचलता? मेअखेर कळ काढा, जबाबदारी माझी. फोरमन कानातलं पाणी झटकत म्हणाला, "तुमच्या शब्दावर सोडतो."

माझ्या शब्दाला वजन आलं आहे. प्रयोगशाळेचा पांढरा कोट धुऊन इस्त्री करणे.

सिद्धान्त: गाठ वाढते तसा राग वाढतो. आज गाठ लिंबाएवढी.

२१ फेब्रुवारी.

कंडक्टरने ढकललं. सोनबाने घंटीची दोरी त्याच्या गळ्यात अडकवली आणि दोन्ही हातांनी थोबाडायला सुरुवात केली. दर फटक्याला घंटी. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. चिंचवडपासून पिंपरीपर्यंत बस उचक्या देत आली. दोन बायका खिडकीतून उतरल्या.

कंडक्टरचा ओठ फाटला. त्यालाही निदान सांगितलं. "बरं," म्हणाला, "पण मेलाच पाहिजे हां मास्तर." मला मास्तर म्हणाला. गाठ: संत्रं.

खाली रहिमानचं सायकलचं दुकान आहे. तो मला म्हणाला, "कोंडीभाऊ, हा आजार मला पण लावा ना. घरमालक लई माजलाय." अशिक्षित माणसाशी वाद घालत नाही.

१२ मार्च, रविवार.

तळेगावला सोनबाच्या सासुरवाडीत साखरपुडा. मी निरीक्षक म्हणून हजर. ज्योतीराम पहिलवानाने नेहमीची टपली मारली. सोनबा शांतपणे उठला, आमटीचं पातेलं त्याच्या डोक्यावर पालथं घातलं आणि वरून पळीने बडवू लागला. आतून पहिलवान ओरडत होता. देवळातल्यासारखा घणघणाट. आमटीचं तापमान घ्यायचं राहिलं. ओरडण्यावरून कोमट.

पातेलं निघाल्यावर पहिलवानाने उखळातलं मुसळ उचललं. मी मधे पडलो. मेअखेर, म्हटलं. जबाबदारी माझी. त्याने मुसळ खाली ठेवलं, पण माझ्याकडे बराच वेळ बघत ठेवलं. "नाव काय तुमचं? ऱ्हायाला कुटं?" पत्ता पूर्ण दिला, खोली नंबरसकट. नाव पसरत आहे.

गाठ: नारळ. पेपरचं नाव ठरलं. मॅडमचं नाव दुसरं घालणार.

८ एप्रिल.

सोनबाचं वजन वाढलं. पोटात पाणी भरलं, पुस्तकाप्रमाणे. दंडातही भरलं. मांड्यांतही. चाळीच्या नळावर त्याला आधी पाणी मिळतं. कुत्री लांबून जातात. गाठीला आता फळ उरलं नाही.

२७ एप्रिल.

रंभा दारात आली. "भावजी, ह्ये नक्की कवा जानार? रोज कोनाला तरी ठोकून येत्यात आन् दोन भाकऱ्या जास्ती खात्यात." वर पुटपुटली की आता कुठे माणूस चांगला निघाला होता. मग तिथेच बसून रडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नवरा मान वर करून घरात येतो, म्हणाली, आन् त्योच जानार.

मी धीर दिला. शास्त्र चुकत नाही, म्हटलं. जास्तच रडली.

१० मे.

मेचे दहा दिवस गेले, तरी सोनबाची मरण्याची काहीच तयारी नाही. बेजबाबदार माणूस. कंडक्टर बस थांबवून विचारतो, "मास्तर, कधी?" फोरमनने निरोप पाठवला. तळेगावहून पोस्टकार्ड आलं, त्यावर दोनच शब्द: "वाट बघतोय."

शेवटी ताजं रक्त घेऊन पुन्हा डिश लावली. आज मॅडमना मुद्दाम बोलावलं; डाव्या भोकात नाळ, उजव्यात सोनबा, डोळे पिवळे होते, सगळं सांगितलं. पान उलटावं तशी डिश पालथी केली. "उजवीकडे," मी म्हणालो.

मॅडमनी डिश माझ्या हातातून घेऊन सुलटी केली. रेघ डावीकडे गेली. पालथी केली. उजवीकडे आली. पुन्हा सुलटी केली.

"कोंडीराम, ही रेघ नाळेची आहे. या माणसाला साधी कावीळ झाली असेल, उतरली. तो ठणठणीत आहे. तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही ना?"

फारसं नाही, म्हटलं.

मॅडमनी भोकांवर 'डावं', 'उजवं' लिहायला हवं होतं. वरिष्ठांची चूक वरिष्ठांना कोण सांगणार.

११ मे, गुरुवार.

सोनबाला आनंदाची बातमी दिली. तुम्ही जगणार.

तो खाली बसला. रंग उडाला. "किती?"

म्हटलं, वीस-पंचवीस वर्षं सहज.

"फोरमन हाय," तो बोटं मोजू लागला. "कंडक्टर हाय. ज्योतीराम हाय. नळावरचे धा जन हायेत. आन् मी पंचवीस वर्सं?" मान पुन्हा खाली गेली. जुना सोनबा परत आला. वैद्यकीयदृष्ट्या उत्तम लक्षण.

रंभा कडाडली, "मेले असते तर मानानं तरी मेले असते!" आणि पोळपाट फेकला. नेम अचूक. माझ्या भुवईला दोन टाके.

रहिमान वर आला, सगळं ऐकलं, म्हणाला, "घाबरू नको सोनबा. ते सगळे कुणाच्या शब्दावर थांबले होते? कोंडीभाऊंच्या. जबाबदारी भाऊंची. मी आजच सगळ्यांना कळवतो." मी म्हटलं, काही गरज नाही. तो सायकलवर बसलासुद्धा.

संकल्प: रविवारी सर्वांना शास्त्रीय भूमिका समजावणे. भाषण लिहिलं. सुरुवात चांगली जमली आहे.

१४ मे, रविवार.

उभ्याने लिहितो. बसता येत नाही.

सभा रहिमानच्या दुकानासमोर झाली. भाषण "मित्रहो"पर्यंत पोचलं. फोरमन कॅनमध्ये तेलपाणी घेऊन आला होता. चव खोबरेल आणि साबण यांच्या मधली. कंडक्टरने पिशवीचा पट्टा वापरला. ज्योतीरामाने काहीच आणलं नव्हतं, त्याला लागत नाही. उजव्या बाजूच्या तीन बरगड्या, डावी दाढ. उजवी-डावी या वेळी नीट तपासून लिहिली आहे.

सगळे थकल्यावर फिट्टंफाट म्हणाले, सोनबाशी हात मिळवला आणि चहा पिऊन गेले. पाटसकर त्याला उद्या पहिल्या शिफ्टला ये म्हणाला.

सोनबाने मला एक बोटही लावलं नाही. त्याने फक्त मागून धरलं होतं, शेवटपर्यंत. मी बराच प्रयत्न केला, सुटलो नाही.

पकड उत्तम आहे. यकृत निरोगी असावं.