मुलाने बोलावलंय

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

कसा आहेस? आम्ही इथे सगळे मजेत. शाळेत पत्रलेखनात मला एवढंच धड यायचं, त्यामुळे इथून पुढे बोलते तसं लिहिणार आहे. तुझा नवा नंबर कुणाकडेच नाही. पत्ता आईने दिला. तिला कुठून मिळाला ते ती सांगत नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

आता बातमी, बसून वाच. आम्ही तिघं विमानाने तुझ्या शहरात येतोय. २६ तारखेला, शुक्रवारी, चार दिवसांसाठी. मी, आई आणि बाबा. हो, बाबासुद्धा. बेकरी बंद ठेवून. मी जन्मल्यापासून आपली भट्टी सलग चार दिवस थंड राहिलेली मला आठवत नाही. पैलवान म्हणाला, "मालक, भट्टीला सर्दी होईल." तो अजून तसाच आहे, काडीपैलवान. अजूनही त्याच्या आधी कुणी पिठाला हात लावला की त्याचं तोंड वाकडं होतं.

प्लॅन सगळा माझा. फ्रिजवर चार्ट लावलाय, तीन रंगांत. पहिल्या दिवशी नुसता समुद्र. दुसऱ्या दिवशी बोट. दीपगृह मी काढून टाकलं, कारण पायऱ्या एकशे बारा आहेत आणि आईचे गुडघे दोनच. विंडो सीट आईला दिलीय. ती रोज खुर्ची खिडकीशी ओढून बसते आणि पोटावर बाबांचा बेल्ट बांधून प्रॅक्टिस करते. काल दारावरची बेल वाजली तर तशीच उठली आणि खुर्ची घेऊनच निघाली.

तुला एकच विचारायचं होतं. शुक्रवारी दुपारी तुला सुट्टी असते का? सहज विचारतेय. हॉटेलच्या बेकरीत सकाळचं काम उरकलं की दुपारी जरा मोकळीक असते असं मी कुठेतरी वाचलं.

लगेच कळव.

तुझी घाईताई

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं असेलच. पोस्टमनने मला सांगितलं की तीन दिवस लागतात, फार तर चार. म्हणजे तू वाचून गप्प बसला आहेस. बस. तुझा हक्क आहे.

पण आता सांगून टाकते. मी बाबांशी खोटं बोलले.

ट्रिपचं काढलं तेव्हा त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. मी ब्रोशर दाखवलं, फोटो दाखवले, आईने दोन दिवस अबोला धरून बघितला. शेवटी ते म्हणाले, "त्या शहरात मी पाऊल ठेवणार नाही. त्याने बोलावलं तर गोष्ट वेगळी." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं की बोलावलंय ना, कालच फोन आला होता. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तर मी असं रेटलं की तू काय काय म्हणालास तेही सांगितलं. तू म्हणे बाबांच्या तब्येतीची चौकशी केलीस. तू म्हणे एअरपोर्टवर घ्यायला येणार आहेस.

मला वाटलं, ते हं म्हणतील आणि विसरतील. दादा, ते विसरत नाहीत. त्यांनी नवे बूट घेतले आणि दुकानात घालून फिरतात, विमानात चावायला नकोत म्हणून. शटरवर 'चार दिवस बंद' असा बोर्ड पंधरा दिवस आधीच लावलाय. गिऱ्हाईक पाव मागतं, बाबा आधी बातमी देतात, "मुलाने बोलावलंय." समोरचा शिंपी, शाळेच्या बाई, रोज टोस्ट नेणारे ते रिटायर्ड कंडक्टर, सगळ्यांना माहीत आहे. कंडक्टर तर रोज विचारतात, किती दिवस राहिले. बाबा हिशोब न करता सांगतात.

काल मला म्हणाले, त्याच्याकडे भट्टी कसली आहे, विजेची की गॅसची, पुढच्या फोनला विचार. मी म्हटलं, विचारते.

तू आला नाहीस तर ते नव्या बुटांत एअरपोर्टबाहेर उभे राहतील आणि मला त्यांच्या शेजारी उभं राहावं लागेल. पुढचं मला दिसतच नाही. माझ्या चार्टमध्ये त्याच्यासाठी रंग नाही.

तुला यायचं नसणार हे मला कळतं. ज्या माणसाने सगळ्यांसमोर तुला खोटारडा म्हटलं, त्याला घ्यायला तू का यावंस? त्या दिवशीबद्दल मला तुला काही सांगायचंय. पण दुकानात हाक मारतायत. नंतर लिहिते.

घाईताई

१९ फेब्रुवारी

दादा,

हाक कुणी मारली नव्हती.

आता सरळ लिहिते. आपल्याकडचा नियम तुला माहीतच आहे. पिठात मीठ पडलं की माप डब्यावर उपडं ठेवायचं. माप सरळ असेल तर मीठ पडायचंय, उपडं असेल तर पडलंय. तोंडाने विचारायचं नाही, कारण गडबडीत माणूस हो म्हणून जातो.

हॉस्पिटलच्या ऑर्डरच्या दिवशी पैलवान सुट्टीवर होता. दुपारी तू ट्रे पुसायला मागे गेलास. पीठ मळायच्या मशीनपाशी मी एकटीच होते. मी तेव्हा परदेशातल्या बेकरांचे व्हिडिओ बघून वेडी झाले होते, मलाही तसा व्हिडिओ हवा होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात माप. मीठ मी घातलं. छान पडलं, पावसासारखं. मग व्हिडिओ नीट आलाय का ते बघत बघत माप डब्यावर ठेवलं. सरळ.

तू आलास, माप बघितलंस आणि मीठ घातलंस. तू नियमाने वागलास.

संध्याकाळी सगळे पाव परत आले. पेशंटांसाठीचे पाव, तोंडात धरवत नव्हते. तू सांगत होतास, "मी एकदाच घातलं," आणि बाबा म्हणाले, "चूक करतोस आणि वर खोटं बोलतोस." शिंपी दारात उभा होता, कंडक्टर होते. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मी कागदी पिशव्या मोजत होते. चाळीसपर्यंत मोजल्या, मग पुन्हा एकपासून. मूग गिळून बसले. मला वाटलं, रात्रीपर्यंत भांडण निवेल, मग सांगेन. तू जेवायच्या आधीच गेलास.

तुला संशय होता का, मला माहीत नाही. मी पंधरा वर्षांची होते, हे कारण मी पाच वर्षं वापरलं. आता संपलं.

काल दुपारी बाबांनी माझ्यासमोर हात केला आणि म्हणाले, फोन लाव त्याला, मीच बोलतो. आता कुठली थाप मारणार होते? मी सांगितलं की फोन आलाच नव्हता. ते रागावले नाहीत. एवढं खोटं कशाला बोललीस, एवढंच विचारलं, आणि मग मी मिठाचंही सांगितलं. व्हिडिओसकट सगळं.

ते पिठाच्या गोणीवर बसले. पैलवानाने मशीन बंद केली. मग बाबा म्हणाले, "म्हणजे तो खरं बोलत होता." माझ्याकडे बघून नाही. मला एक थप्पड बसली असती तर बरं झालं असतं.

आईने मला आत नेलं. तिला वाटलं, आता तिकिटं रद्द. मलाही तसंच वाटलं. मी चार्ट काढायला फ्रिजपाशी गेले, तर बाहेर कंडक्टरांचा आवाज. टोस्ट न्यायला आले होते. नेहमीसारखं म्हणाले, "काय मालक, आठ दिवस राहिले. पोराने बोलावलंय म्हणजे थाट आहे तुमचा."

बाबांनी टोस्टची पिशवी त्यांच्या हातात दिली. मग म्हणाले, "त्याने बोलावलेलं नाही. मीच चाललोय." शिंप्यालाही हाक मारून दारात बोलावलं आणि दोघांना सांगितलं की त्या दिवशी मुलाची चूक नव्हती. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मी बाहेर जाऊन स्वतः घेतलं.

शिंपी म्हणाला, बरं. कंडक्टर टोस्टची पिशवी घेऊन नुसते उभे राहिले.

विमान शुक्रवारी दुपारी सव्वादोनला उतरतं. तू ये असं लिहायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. म्हणाले, त्याला ये म्हणायचा हक्क मला उरला नाही, फक्त वेळ कळव. म्हणून वेळ लिहिली. तू नाही दिसलास तर त्याचा बोल तुला लागणार नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तुझ्या हॉटेलचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून खिशात ठेवलाय. मागच्या दाराने जाईन म्हणतात, बेकर मागच्याच दाराने जातो.

माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. तूही नको बोलूस, जोवर तुला वाटत नाही तोवर.

जिच्याकडे तू बघितलं होतंस,
ती