कोरडा पाईप

जळगाव
दि. ४ डिसेंबर २०२४

ती. नाना यांस,
ज्योत्स्नाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी मोठ्याने बोलले की घरच्यांना वाटतं मी भांडतेय, म्हणून पत्र. मोठ्ठी बातमी आहे! आजवर घरोघरी दोन-तीन फुटी माशांच्या टाक्या बसवणाऱ्या तुमच्या पुतणीला आठ फुटी टाकीचं काम मिळालं. कानाचे डॉक्टर योगराज, त्यांच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर. चौदाशे लिटर पाणी, नाना!

काळजी आहे ती तळमजल्याची. खाली धनसिंगशेठचं साड्यांचं दुकान आहे. थेंब पडणार नाही, एवढ्या माझ्या एका शब्दावर त्यांनी होकार दिलाय. पडला तर जळगावात मला कोणी काचेच्या बरणीचंही काम देणार नाही. सहा वर्षं चालवलेलं दुकान बंद करून सासरच्या केळीत जावं लागेल.

घोडं अडलंय ते जादा पाण्याच्या वाटेवर. मोठ्या टाकीखालच्या कपाटात पाणी गाळायची छोटी टाकी असते. मोटर त्या खालच्या टाकीतलं पाणी वर ढकलते आणि ते पाईपाने परत खाली यायला हवं. एकच उघडा पाईप ठेवला तर तो गुळण्या केल्यासारखा वाजतो, आणि भिंतीपलीकडेच डॉक्टर लोकांचे कान तपासतात. तोच काठोकाठ भरून वाहू दिला तर आवाज नाही, पण एखादी गोगलगाय अडकली की सगळं पाणी फरशीवर. जाणकार टाकीच्या कोपऱ्यात वेगळा खण करून त्यात तीन पाईप लावतात. पहिला भरून वाहणारा, मुका. दुसरा थोडा वर, त्यात जरासंच पाणी. तिसरा सगळ्यांच्या वर, पहिले दोन तुंबले तरच वाहणारा, एरवी कायम कोरडा. डॉक्टर म्हणतात की कोरडा कशाला, उगाच कोपरा अडतो, दोनच लावा. मलाही ते पटू लागलंय. तिसरा लावलाच तर तिघांच्याही तोंडाला जाळी बसवीन, मासे जायला नकोत. तुम्ही चाळीस वर्षं पाटकरी होतात, गावाच्या पाटाचं पाणी शेतोशेती सोडलंत, पाण्याचा स्वभाव तुमच्याइतका कोणाला ठाऊक? सांगा.

काकूंना नमस्कार. माया आहेच, ती लवकर उत्तर धाडून दाखवा.

तुमची,
ज्योत्स्ना


ता. साक्री, जि. धुळे
दि. ११ डिसेंबर २०२४

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
तोतारामनानाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे बठ्ठं बरं शे. तुझं पत्र काकूने दोनदा वाचलं आणि शेजारच्या भागाबाईला ऐकवलं. चौदाशे लिटर म्हणजे किती हंडे, यावर दोघींचा वाद अजून मिटलेला नाही. पोरी, आपल्या घराण्यात पाणी वळवणारे पुष्कळ झाले, ते काचेत उभं करणारी तूच पहिली. मला तुझा फार अभिमान वाटतो. सांगून टाकतो, म्हाताऱ्याचा काय भरवसा.

आता रागावतो. दोन पाईप म्हणे! डॉक्टरला कान कळतात, पाणी नाही. आपल्या पाटाला सांडम असतो ना, जादा पाणी नदीला परत सोडणारं तोंड, ते वर्षाचे अकरा महिने कोरडंच असतं. एका साली शेळ्या आत शिरतात म्हणून मी त्याच्यावर बाभळीच्या काट्या रचल्या. पाण्याबरोबर पाला आला, काट्यांत अडकला, पाट फुटला आणि शेवटच्या शेतातल्या हिलालचा सगळा कांदा वाहून गेला. तो मला एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून तिसरा पाईप लावच, आणि त्याला जाळी नको, झाकण नको, काही नको. माशांना अडवायचं तर पाणी कोपऱ्यात शिरतं तिथे अडव, रुंद जागेत. लाईट गेल्यावर वरचं किती पाणी खाली उतरतं तेही मोज आणि खालची टाकी तेवढी रिकामी ठेव. आपल्याकडची लाईट काय विचारून जाते?

आणखी एक. त्या सालापासून मी रीत पाडली. पहिलं पाणी सोडलं की शेवटच्या शेताच्या मालकाने स्वतःच्या हाताने पाट अडवायचा. ज्याचं बुडणार त्यानेच बघायचं. सांडम वाहिला तरच पाणी पुढे. तूही पहिला पाईप शेठच्या हातानेच बंद करव. कितीही भीती वाटली तरी करव.

जावईबापूंना आशीर्वाद. रागावलो ते मायेच्या खात्यात धर.

तुझा,
नाना


जळगाव
दि. २ जानेवारी २०२५

ती. नाना यांस,
कृ. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना हिलालभाऊंच्या कांद्याची गोष्ट सांगितली. ते लगेच तीन पाईपांना हो म्हणाले. तिसऱ्याचं तोंड मी उघडं ठेवलं. काल टाकी भरली आणि शेठना वर बोलावलं. तुम्ही सांगितलं होतं तसं त्यांच्या हातात कापडाचा बोळा दिला आणि पहिला पाईप तुम्हीच बंद करा म्हटलं. त्यांनी आधी माझ्याकडे असं पाहिलं की बाई वेडी तर नाही! मग बाह्या सरसावून बोळा कोंबला. पाणी दोन बोटं चढलं आणि दुसऱ्या पाईपाने ते उचललं. मी सुटकेचा श्वास घेतला.

शेठ म्हणाले, आणि हाही तुंबला तर? माझं उत्तर ऐकायलाही थांबले नाहीत, खांद्यावरचा पंचा काढून दुसऱ्यात कोंबला. नाना, हे तुमच्या पत्रात नव्हतं हो! पाणी काठाकडे चढत गेलं, मी मनात सप्तशृंगीला हाका मारत होते. मग तिसरा पाईप एकदम असा गर्जला की डॉक्टर पेशंट सोडून बाहेर धावले. काठाखाली बोटभर अंतरावर पाणी थांबलं. पंधरा मिनिटं आम्ही तिघं काठावर नजर ठेवून होतो. फरशी कोरडी ठणठणीत.

शेठनी बोळा काढला, पंचा पिळला आणि तडक खाली निघून गेले. काय चुकलं म्हणून मागोमाग उतरले, तर दुकानातली सगळी कपाटं वरपासून खालपर्यंत प्लास्टिकने झाकलेली. सकाळीच झाकली होती त्यांनी, मला न कळवता. आता स्वतः स्टुलावर चढून ते प्लास्टिक उतरवत होते. मला दारात पाहिलं आणि म्हणाले, ताई, दुसरं टोक धरा, घडी नीट होत नाही.

मी टोक धरलं. डोळे भरून आले होते, पण घड्या सगळ्या नीट घातल्या.

तुमचीच शिकाऊ,
ज्योत्स्ना