फौजदाराची बहीण

प्रिय राजनंदिनी,

तुझा मोबाईल आईने काढून घेतलाय असं आपल्या वर्गातली दिपाली फोनवर म्हणाली, म्हणून हा कागद. हाताने एवढं लिहायची सवय कॉलेजबरोबरच सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इथे जामखेडला लाईट गेलीय, वेल्डिंग बंद पडलंय, शेठ जेवायला गेलेत आणि मी अर्धवट झालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लिहितोय. बसून म्हणजे काय, दोन ओळी लिहितो, खाली उडी मारतो, रस्त्यापर्यंत जाऊन येतो. उद्या सकाळी मला पाथर्डीच्या ठाण्यात जायचंय. परवा तिथून हवालदारांचा फोन आला. म्हणाले, "आदिनाथ का रं? त्या भागवतच्या मोबाईलात एक व्हिडिओ घावलाय. कान धरून उठाबशा काढतंय ते पोरगं तूच का?" मी म्हटलं, बघून सांगतो. तर म्हणतात, "का, घरी आरसा न्हाई व्हय?" आणि हसले. मलाही हसू आलं, मग फोन ठेवल्यावर हातातला कटर भिंतीवर मारला. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

मी "होय, तो मीच" म्हणालो, की तुझ्या दादावर, भागवतवर, मारहाणीचं आणि डांबून ठेवल्याचं कलम वाढणार. बाकी गावातलं कुणीच पुढे यायला तयार नाही. हायवेला ज्यांच्या गाड्या अडवून पैसे उकळले ते ड्रायव्हर परजिल्ह्यातले, त्यांची तक्रार आहे म्हणा. पण तुझ्या गावाने त्याला पाच-सहा वर्षं साहेब म्हटलंय, आता कोणत्या तोंडाने सांगतील? बॅनरवर हात जोडून उभे होते ना सगळे.

गुलाल आठवतो तुला? मी तेव्हा आमच्या गावाहून मोटारसायकलवर तिघं बसून आलो होतो, फुकटच्या डीजेवर नाचायला. जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळला होता आणि तू मंदिराच्या ओट्यावर पदराने, चुकलो, ओढणीने नाक दाबून उभी होतीस. तुला मी पहिल्यांदा तिथेच पाहिलं, कॉलेजात नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं की हासुद्धा फौजदाराची बहीण बघून आला. आता कळतंय, गावाने मुख्य परीक्षेच्या निकालावरच गुलाल उधळला होता. अजून मैदानी चाचणी बाकी, मुलाखत बाकी. पण आपल्याकडे कुणाला धीर? यादीत नंबर दिसला की फ्लेक्स छापायला टाकतात, "पोलीस उपनिरीक्षक पदी निवड झाल्याबद्दल". तुझा दादा मैदानीत पडला. तोवर तुमच्या आईला ऊसतोडीच्या गाडीतून बायांनी हाताला धरून खाली उतरवलं होतं, "आता फौजदाराची आई कोयता धरती व्हय? लोक आम्हाला हसतील!" आईने तो कोयता जावेला देऊन टाकला. एवढं झाल्यावर घरी येऊन "मी पडलो" म्हणायला कसली छाती लागत असेल, याचा मी रात्रंदिवस विचार करतोय. मला झालं असतं का? खरं सांगू, नसतं झालं. मग लगेच दुसरा विचार येतो, की बाबा रे, घरच्यांशी खोटं बोलून साहेब झालास ते समजू शकतो, पण मला कशाला मारलंस?

तो दिवस तुला मी पूर्ण सांगितलाच नाही. सांगायला भेटलोच कुठे. एसवायचे पेपर चालू होते. कॉलेजच्या गेटसमोर पांढरी बोलेरो, काचेमागे "पोलीस"ची पाटी, आणि वर्दीतला तो. माझी कॉलर धरून आत टाकलं. मोहट्याच्या रस्त्याला माळावर नेऊन पट्ट्याने मारलं, ते सहन केलं मी. पण मग म्हणाला, "असला गुन्हा टाकीन ना तुझ्यावर, भरतीच्या मैदानात पाय ठिऊ देनार न्हाईत तुला. बापाला गावात फिरू देनार न्हाई." तिथे मी संपलो. कॅन्टीनमध्ये चहा गार आला म्हणून ग्लास फोडणारा मी, त्या माळावर "साहेब, साहेब" करत होतो. व्हिडिओत तेच आहे. उठाबशा काढतोय आणि म्हणतोय, राजनंदिनीकडे परत मान वर करून बघणार नाही. घरी आलो तर धमकीचा निरोप आधीच पोचलेला, वडिलांनी पिशवी भरूनच ठेवली होती. उरलेले पेपर तसेच राहिले, मी जामखेडला मावशीकडे. वर्दीपुढे कुणाची काय टाप, असं वडील म्हणाले, आणि ती वर्दी एखाद्या दुकानातून शिवून घेतलेली! हे आठवलं की ट्रॉलीतून उडी मारावी लागते. आत्ताही मारली. परत चढून लिहितोय.

तू तेव्हा दिपालीकडून निरोप पाठवला होतास, "त्याला म्हणावं जाऊ नको, दादा काही करू शकत नाही." मला तुझा राग आला होता, राजनंदिनी. वाटलं, भावाच्या प्रेमात आंधळी झालीय, माझी पाठ बघितली नाही हिने. आता वाटतं, तो खोटा फौजदार आहे हे तुला ठाऊक होतं. ड्युटीवरच्या पोलिसाची वर्दी खांद्यावर घामाने पांढरी पडते म्हणतात, आणि ह्याची तर घडीसुद्धा मोडलेली नसायची. धुवायला तुझ्याकडेच यायची ना? तू ओळखलं असणार. आणि उघड बोललीस तर आईच्या हातात परत कोयता येईल, म्हणून तेवढ्याच शब्दांत मला सांगितलंस. मी ते ऐकलं नाही. का बरं सरळ नाही सांगितलंस, असं विचारावं हे पन्नास वेळा मनात आलं, पण तुझ्या जागी मी असतो तर मीही तेवढंच बोललो असतो. तरी राग जात नाही. जाईल हळूहळू.

पकडला कसा गेला ते तू समोरच पाहिलंस, मला दिपालीने सांगितलं. तुमच्या गावची ती पोरगी, संस्कृती, पोलीस भरतीत लागली, ट्रेनिंग करून वर्दीत आली, तिचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे अर्थातच आपले साहेब. फेटा बांधायचा म्हणून त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि तेवढ्यात ती पुढे येऊन कडक सॅल्यूट मारते. ह्याने उघड्या डोक्याने हात कपाळाला लावला! डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलायचा नसतो, नुसतं सावधान व्हायचं. म्हणे ट्रेनिंगमध्ये एकदा ह्याच चुकीपायी तिला ग्राउंडला पळवलं होतं. पोरगी हुशार. फोटोला हसली, "सर, तुमची बॅच कोणती?" एवढंच विचारलं, आणि ड्युटीवर गेल्यावर वरिष्ठांच्या कानावर घातलं. एवढी वर्षं सरपंच, मुकादम, आमचे प्राचार्य त्याला खुर्ची देत होते.

आता तुमच्या दारात कुणी येत नाही म्हणे. ज्या बायांनी आईला गाडीतून उतरवलं त्याच हापश्यावर टोमणे मारतात, "फौजदारीन बाई, आता यंदा कोनत्या कारखान्याला?" नगरच्या त्या पाहुण्यांनी तुझं ठरलेलं लग्न मोडलं, हेही कळलं. मला वाईट वाटलं असं लिहिणार होतो. नाही वाटलं. खोटं कशाला लिहू, तुमच्या घरात खोटं कमी झालंय का. चिडू नकोस.

आणि आता ते, ज्याच्यापायी सकाळपासून माझा पाय जमिनीला टेकत नाही. काल तुझी आई इथे आली होती. एकटी, एसटीने, विचारत विचारत शॉपपर्यंत. ठिणग्या उडत होत्या तशी त्यातूनच पुढे आली. मी मशीन बंद केलं, स्टूल दिलं, चहा मागवला, तिने हात लावला नाही. म्हणाली, "बाळा, ठान्यात सांग, यातला पोरगा मी न्हाई म्हनून. तेवढं एक कर. अन् पोरगी तुला दिली. ह्याच म्हैन्यात हळद लावू, तुझ्या बापाकडं मी सोता जाते." राजनंदिनी, तीन वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो ते माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसलं होतं. मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. "उद्या सांगतो" म्हणालो आणि तिला स्टँडवर सोडून आलो. परत येताना मी शीळ घालत होतो, हे मलाच चौकात कळलं. मग वाटलं, हिला कुणी विचारलंय का? भागवतने मला पट्ट्याने सांगितलं तुझ्याकडे बघू नको, आई हात जोडून सांगतेय घेऊन जा, आणि दोन्ही वेळा तू घरात भाकरी थापत बसलेली. उद्या मी ठाण्यात "होय, तो मीच" म्हणणार आहे. तो उठाबशा काढणारा मीच होतो, आणि ते नाकारून तुला घरी आणली तर रोज सकाळी तुझ्यासमोर उठाबशा काढल्यासारखंच होईल मला. तुझ्या भावाला माझ्या तोंडाने शिक्षा वाढेल, त्यासाठी तू मला आयुष्यभर दार बंद केलंस तर बोलणार नाही. बोलेन, पण फोडणार नाही काही. आईला तूच सांग, की आदिनाथने त्या बोलीला नाही म्हटलं. मी तिच्या तोंडावर सांगू शकलो नसतो, म्हणून तर हा कागद आज संध्याकाळच्या जीपने दिपालीकडे पाठवतोय, तुला ठाण्यातल्यांच्या आधी कळावं म्हणून. राहिली गोष्ट तुझी नि माझी. तुला मी हवा आहे की नाही, हे अजून मला तू सांगितलेलं नाहीस. जबाब झाला की मी दुपारभर ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर आहे. आलीस तर ये. नाही आलीस तर संध्याकाळची जामखेडची गाडी आहेच.

कुणालाही न विचारता तुझाच,
आदिनाथ